तिसऱ्या खाटेवरची रेड

सोनलने डोळे मिटले आणि मी स्टॉपवॉच दाबलं.

"निघाली मी," ती म्हणाली. "मधली रेषा मागं. सात जणी समोर. चेन हलून राहिली."

गुडघ्यावर बर्फाची पिशवी, अंगावर गळ्यापर्यंत शाल, फक्त ओठ हलत होते. दुपारचे चार वाजले होते. डिसेंबरचं ऊन खिडकीच्या जाळीतून आत येऊन फरशीवर सांडलं होतं आणि कोणीतरी सोललेल्या संत्र्याचा वास सगळ्या हॉलमध्ये भरला होता. विमानतळाकडे उतरणारं एक विमान घरघरत डोक्यावरून गेलं. आमच्या फिजिओथेरपी विभागात या वेळेला अर्धे पेशंट पेंगतात. उरलेल्यांना झोपायची लाज वाटते म्हणून ते जागे असतात.

"लेफ्ट कॉर्नर मागं सरकली. जागा दिसली मले. उजवा पाय टाकते आता..."

ती थांबली. घड्याळात एकवीस सेकंद झाले होते.

"काय झालं?"

"पडली, मॅडम."

अकराव्या दिवशीही ती तिथेच पडली होती.

मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये अठरा वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे ऑपरेशन सर करतात, दोन तासांत मोकळे होतात, आणि पुढचे नऊ महिने पेशंट माझ्या नावाने बोटं मोडतो. या हकिकतीतल्या माणसांची नावं मी बदलली आहेत. गुडघे आणि खांदे तेच ठेवले आहेत.

सोनलचं एसीएल तुटलं होतं. गुडघ्याच्या आत एक लहानसा दोर असतो, आपण गर्रकन वळलो तर खालचं हाड जागेवरून सरकू नये म्हणून. तोच एसीएल. तो तुटला की आपोआप जुळत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूच्या टोकाची दोरी काढून नवा दोर करावा लागतो. मग त्या पायाला पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकवायचं. उभं राहणं, पायरी उतरणं, पळणं, उडी मारून एका पायावर थांबणं.

सोनल हे सगळं शिकली होती. मुलगी कुहीजवळच्या गावची. विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक भागातल्या एका कंपनीत फर्स्ट शिफ्ट करायची, सकाळी साडेपाचला बस पकडायची आणि तीनला सुटून थेट माझ्याकडे यायची. नऊ महिन्यांत तिने चार दिवससुद्धा बुडवले नाहीत. एका पायावर उडी मारायची एक टेस्ट असते. आधी चांगल्या पायाने, मग ऑपरेशनवाल्या पायाने, आणि टेपने मोजायचं. तिचे दोन्ही पाय जवळपास बरोबरीत आले होते. मी जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावून दिली की ती पट्टी हरणासारखी ओलांडायची. कागदावर तिच्यात खोट नव्हती.

डोळे मिटून रेड करायचं खूळ मी एका वर्कशॉपमध्ये ऐकलं होतं. खेळाडूने हालचाल मनात केली तरी शरीराची तयारी होते, असं तिथे सांगितलं. मला हे पटलेलं नव्हतं. मी स्नायू मोजणारी बाई. पण बर्फ लावून पंधरा मिनिटं पडायचं असतं आणि सोनल त्या पंधरा मिनिटांत मोबाइलवर आपल्याच जुन्या मॅचचे फोटो बघून डोळे लाल करून घ्यायची. म्हणून मोबाइल काढून घेतला आणि म्हटलं, डोळे मीट, रेड कर, दम मनात धर आणि तोंडाने मला सांग. पहिल्या दिवशी ती पडली तेव्हा मला हसू आलं होतं. अकराव्या दिवशी नाही आलं.

इथे कबड्डीचं थोडं सांगायला हवं. रेड म्हणजे चढाई. तीस सेकंद. समोरच्याच्या अंगणात मागच्या बाजूला एक बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात जणी असताना रेडरने एक पाय त्या रेषेपलीकडे टेकवला आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत असला, तर कोणालाही न शिवता एक पॉइंट मिळतो. पंच अंगठा वर करतो. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या क्षणी सगळं शरीर एकाच पायावर असतं आणि सात जणी तोच पाय धरायला टपलेल्या असतात. टोकाला उभी असते ती कॉर्नर, आणि बाकीच्या हातात हात धरून चालून येतात ती चेन. सोनल बोनसवर जगणारी रेडर होती, आणि तिचा बोनसचा पाय उजवा होता. तोच तुटला होता.

"कोणी पकडलं आज?" मी विचारलं.

"तिनं. त्या लेफ्ट कॉर्नरनं. तिनंच तर तोडला ना पाय."

नऊ महिन्यांत मी त्या मुलीचं नाव ऐकलं नव्हतं. कायम "ती".

त्याच दिवशी, सोमवारी, सरांनी बोलावलं. सर म्हणजे आमचे ऑर्थोपेडिक सर्जन. हाताने देव, जिभेने तिखट.

"मॅडम, सोनलचं फिटनेस लेटर? रविवारी जिल्ह्याची ट्रायल आहे तिची."

"टेस्ट सगळ्या पास आहेत, सर. पण मी सही करत नाहीये."

"का?"

"डोळे मिटून रेड केली की पडते."

सरांनी चष्मा काढला. "मी कागदावर काय लिहू? पेशंट स्वप्नात पडते?"

"सर, समोर कोणी नसताना ती मस्त उडी मारते. समोर माणूस आला, अगदी मनातल्या मनात आला, तरी पाय आखडतो. आखडलेला पाय टाकला की गुडघा आत वळतो. पहिल्यांदा तसाच तुटला होता."

"तिचं वय माहीत आहे ना? या वर्षी स्टेट खेळली तर खेळाडूंच्या कोट्यातून भरतीचा अर्ज करता येईल. पुढच्या वर्षी वय निघून जाईल. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ठरवा. नाहीतर मी सही करतो."

सर चुकीचं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. सही केली आणि ती चटईवर कोसळली तर तो पाय पुन्हा खेळायचा नव्हता. नाही केली तर तिचं खेळणंच संपणार होतं. त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला.

आता माझी चूक.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. आम्ही माणसांना सांध्यांवरून ओळखतो. "तीनचा गुडघा आला का?" "एकच्या मानेला ट्रॅक्शन लावा." पेशंटचं कार्ड असतं, त्यावर नाव असतं, पण नजर थेट खालच्या ओळीवर जाते. कोणता सांधा, कोणती बाजू. आठवडाभरापासून सकाळी एक उजवा खांदा येत होता. ज्योत्स्ना नाव, जरीपटक्याच्या कपडा दुकानात कामाला, खेळताना पडून स्नायू ताणलेला. कबड्डी खेळते, डिफेन्सला असते, एवढं मला ठाऊक होतं. यापलीकडे मी काही विचारलं नाही, कारण खांद्याला त्याने काही फरक पडत नव्हता.

लग्नसराईमुळे दुकानात सकाळी गर्दी वाढली, म्हणून तिने दुपारची वेळ मागितली. बुधवारी मी तिला चारला बोलावलं आणि खाट नंबर चार दिली. तीन आणि चारमध्ये हिरवा पडदा असतो. पेशंटचं बोलणं पडद्यापलीकडे जाऊ नये, असा आमचा नियम आहे. पडदा कापडाचा असतो, हे त्या नियमात लिहिलेलं नाही.

ज्योत्स्नाच्या खांद्यावर मशीनचे पॅड लावले. मशीन टिकटिकायला लागलं. पडदा ओढून मी इकडे आले. सोनल शाल ओढून पडली होतीच.

"डोळे मीट. चल."

"निघाली मी. सात जणी. लेफ्ट कॉर्नर मागं सरकली." तिचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. "उजवा पाय टाकला. तिनं घोटा पकडला. ओढून राहिली. मुरगळला. पडली."

"मी तुहा घोटा पकडलाच नाही."

आवाज पडद्यामागून आला. सोनलने डोळे उघडले. मी पडदा बाजूला केला तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत होत्या. सोनलची "ती" म्हणजे माझा सकाळचा उजवा खांदा होता.

"हे काहून आली इथं?" सोनल उठून बसली. बर्फाची पिशवी खाली पडली.

"खांदा दुखून राहिला म्हणून आली. तुले पाहायले नाही आली."

"ज्योत्स्ना, शांत राहा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"नाही मॅडम, बोलू द्या मले. साल होत आलं, हे गावभर सांगून राहिली का मी हिचा पाय तोडला. मी घोट्यावर गेली होती, खरी गोष्ट आहे. पण हिचा गुडघा आतमंदी वळताना दिसला मले. म्हणून हात मागं घेतला. लागलाच नाही माहा हात हिले."

"खोटं बोलून राहिली."

"आमच्या कोचनं सगळ्यांसमोर झापलं मले. हात काहून काढला म्हणे, पकड सोडायले आली का इथं. तवापासून मी घोट्यावर गेली का पंजा आपोआप उघडते. आतापर्यंत किती रेडर सुटल्या माह्या हातून, विचार कोणाले पण. आता मागच्या मॅचमंदी अर्धवट गेली आणि खांद्यावर पडली." तिने डोळे पुसले, डाव्या हाताने. "आणि बोनस तुले भेटला होता. माहीत आहे का?"

"कोणता बोनस?"

"त्याच रेडचा. तुहा मागचा पाय हवेत होता. पंचानं अंगठा वर केला. मी पाहिला ना वं."

सोनलला माहीतच नव्हतं. ती चटईवर पालथी पडून ओरडत होती. नंतर स्ट्रेचर, नंतर गाडी. दम तुटला म्हणून ती आउट, एक पॉइंट त्यांना. पण बोनस त्याआधी झाला होता, तो एक हिला. मॅच ती टीम हरली आणि नंतर कोणी तिला त्या एका पॉइंटबद्दल सांगायला गेलं नाही. तुटलेल्या गुडघ्यापुढे एका पॉइंटची काय कथा.

सोनलने चपला पायात सरकवल्या आणि बाय न म्हणता निघून गेली. एक नंबरच्या खाटेवर मानेला ट्रॅक्शन लावलेले आजोबा होते. त्यांना मान वळवता येत नव्हती. "कोण गेलं?" ते छताकडे बघत म्हणाले. मी खाली पडलेली पिशवी उचलली, फरशी पुसली, आणि नऊ महिन्यांचं काम एका दुपारीत वाया घालवल्याबद्दल स्वतःला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

गुरुवारी सोनल आली नाही.

शुक्रवारी आली. पावणेचार वाजता. व्यायाम सगळा केला. मग बर्फ घेऊन खाटेवर पडली आणि पडद्याकडे बघत विचारलं, "ते आली काय?"

"आली आहे."

"पडदा राहू द्या. पण तिले म्हणा, तिनं लेफ्ट कॉर्नर खेळावं."

मला समजायला जरा वेळ लागला. पडद्यापलीकडून मात्र लगेच उत्तर आलं. "डोळे मिटू काय?"

"मग काय उघडे ठेवून खेळशील?"

मी दोन खाटांच्या मध्ये, पडद्याच्या दांडीपाशी उभी राहिले. एका बाजूला गुडघा, दुसऱ्या बाजूला खांदा. दोघींचे डोळे मिटलेले. मी स्टॉपवॉच दाबलं. बाहेर कुठेतरी पोह्यांच्या गाडीवर झारा आपटत होता, तोही थांबल्यासारखा वाटला.

"निघाली मी," सोनल म्हणाली.

"पाहून राहिली मी तुले," ज्योत्स्ना म्हणाली. "ये."

"उजवीकडे हूल."

"मी हलली नाही."

"डावीकडे. परत उजवीकडे."

"मी एक पाऊल मागं. जागा देऊन राहिली तुले. मुद्दाम."

"माहीत आहे मले."

वीस सेकंद. हॉलमध्ये कोणीच पेंगत नव्हतं. ऊन सोनलच्या शालीवर चढलं होतं, त्यात धुळीचे कण सावकाश फिरत होते, आणि मला खरंच चटई दिसायला लागली. पिवळी, मधोमध रेषा, सात मुली. अठरा वर्षांच्या नोकरीत माझं असं कधी झालं नव्हतं.

"उजवा पाय टाकते," सोनल म्हणाली. एकवीस. शालीखाली तिचा उजवा पाय हलला. तिच्या कपाळावर घाम होता, बर्फ लावलेला असताना. "टाकला. मागचा पाय हवेत."

"अंगठा वर," ज्योत्स्ना हळूच म्हणाली. "बोनस."

बावीस. तेवीस. सोनल पडली नव्हती.

"आता पकड," सोनल म्हणाली.

चोवीस.

"ज्योत्स्ना, पकड ना वं! सोडशील तर पाहून घेईन तुले."

नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिने ते नाव घेतलं. पडदा हलला. ज्योत्स्नाचा डावा पंजा तो कापडाचा काठ मुठीत आवळून बसला होता. "पकडला," ती म्हणाली. तिचा श्वास वर चढला होता. "दोन्ही हातांनी. सोडत नाही आता."

"मी ओढून राहिली. रेषेकडे. निसटली!"

"निसटली कुठं? चेन आली माही मागून."

"कोणती चेन? मी रेषेले हात लावला."

"नाही लागला. चार बोटं दूर होता."

"लागला!"

दोघींनी डोळे उघडले होते आणि दोघी पडद्याच्या दोन बाजूंनी भांडत होत्या, शाळेतल्या पोरींसारख्या. मला हसू आणि रडू एकदम आलं. एक नंबरवरून आजोबांचा आवाज आला. "ओ मॅडम, निकाल द्या ना. मले मान वळवता येत नाही."

घड्याळ मी पकडीलाच थांबवलं होतं. सत्तावीस. "बोनस रेडरला. पकड डिफेन्सला. एक-एक."

"मॅडम, हे काय बरोबर नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी सोनलच्या लेटरवर सही केली. सरांनी विचारलं, "स्वप्न सुधारलं?" मी म्हटलं, "पकडली गेली, सर. पण पडली नाही." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

ज्योत्स्नालाही तीच ट्रायल द्यायची होती. तिचं लेटर मी केलं नाही. खांदा अजून महिनाभर तरी भार घेणार नव्हता आणि डोळे मिटून केलेल्या पकडीने स्नायू जुळत नाहीत. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मले अजून दोन-तीन वर्षं आहेत, मॅडम. हिले नाहीत." मग कार्ड घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि दुकानात गेली. मला फार वाईट वाटलं, आणि तरी पुन्हा तेच केलं असतं.

रविवारी माझी सुटी. मी ट्रायलला गेले, स्प्रे आणि बँडेजची पेटी घेऊन, कोणी बोलावलं नसताना. सकाळचं धुकं अजून मैदानाच्या झाडांमध्ये अडकलं होतं. हॉलमध्ये चटई खरोखरच पिवळी होती. ज्योत्स्ना पहिल्या रांगेत बसली होती, हात गळ्यात अडकवलेला.

सोनलने पहिल्या दोन रेड नुसत्या काढल्या. मधल्या रेषेच्या आसपास नाचून परत. निवड समितीतल्या एका गृहस्थाने वहीत काहीतरी खोडलं. तिसऱ्या रेडला समोर सात जणी होत्या. मी मनात मोजायला लागले. हूल उजवीकडे. डावीकडे. परत उजवीकडे. कॉर्नरची मुलगी एक पाऊल मागे सरकली.

एकवीस.

उजवा पाय रेषेपलीकडे टेकला. गुडघा सरळ, पावलाच्या बरोबर वर. मागचा पाय हवेत. पंचाचा अंगठा वर गेला आणि त्याच क्षणी दोघींनी तिचा घोटा धरला, मागून चेन आली, आणि सोनल त्या पाच-सहा मुलींच्या खाली दिसेनाशी झाली.

मी पेटी घेऊन उभी राहिले. पंचांनी हात करून मला थांबवलं. मुली एकेक करून बाजूला झाल्या. सोनल पालथी पडली होती. ती हलत नव्हती. हॉलमध्ये किती आवाज होता मला आठवत नाही, मला काही ऐकू येत नव्हतं.

मग तिने मान वर केली आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"ज्योत्स्ना!" ती ओरडली. "अंगठा पाहिला काय वं?"

ज्योत्स्नाने डावा हात उंच करून अंगठा दाखवला. सोनल दोन्ही पायांवर उठली, गुडघे झटकले आणि आउट झालेल्यांच्या जागी जाऊन बसली. मी पेटी बंद केली. ती दोनदा बंद करावी लागली.

संध्याकाळी यादी लागली. सोनलचं नाव शेवटून दुसरं होतं. यादीत शेवटून दुसरी असलेली खेळाडूही स्टेटलाच जाते.

सोमवारी तिसऱ्या खाटेवर नवीन गुडघा आला. डावा, सूज भरपूर, चेहरा रडवेला, अंगात कॉलेजच्या टीमचा टी-शर्ट. मी सवयीने कार्डावर सांधा आणि बाजू लिहायला घेतली. मग पेन खाली ठेवलं आणि स्टूल ओढून बसले.

"नाव काय वं तुझं?" मी विचारलं. "आणि समोर कोण होतं, तिचंही सांग."